बागा: एका तुरट वाईनचे पाच दिवस

आमच्या निफाड तालुक्यात ‘बाग’ म्हटलं की द्राक्षबागच. आंब्याची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. गोडी छाटणी सुरू व्हायला दहा-बारा दिवस होते, धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, मी बघतो इकडचं, तुम्ही दोघं जाऊन या.” त्याची मुलगी पोर्तुगालमधल्या पोर्तोला शिकते. तिची खोली बघून येणं हे घरात सांगायचं कारण. माझं खरं कारण वेगळं होतं. तीस वर्षं खायची द्राक्षं पिकवली, आता ज्या द्राक्षांची वाईनच होते ती वेलीवर असताना बघायची होती. सप्टेंबरअखेर म्हणजे तिकडची काढणी.

दिवस पहिला: पोर्तो

पोर्तो दोरो नदीच्या उत्तर काठावर आहे आणि वाईनची गोदामं समोरच्या काठावर, गाया शहरात. मध्ये 1886 सालचा दुमजली लोखंडी पूल. वरून मेट्रो, खालून मोटारी. पुलाखाली जुन्या धाटणीच्या सपाट होड्या बांधून ठेवल्यात, त्यांच्यावर लाकडी पिंपं रचलेली. आता त्या फक्त शोभेला. पूर्वी वरच्या खोऱ्यातली वाईन अशाच होड्यांतून खळाळत्या पाण्यातून खाली यायची.

“काका, या पिंपाला इथे काय म्हणतात माहितीये? पिपा.”

मी पुतणीकडे बघतच राहिलो. मोरीतल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाला आपण पोर्तुगीज नाव लावून बसलोय हे पन्नाशीत कळलं. पोर्ट वाईनच्या व्यापारातला हा पिपा साधारण 550 लिटरचा. मग पूल ओलांडेपर्यंत तिची यादीच चालू झाली. घमेलं म्हणजे गामेला, चावी म्हणजे शाव्ह, साबण, बटाटा, पगार. आणि लिलाव म्हणजे लैलाओ. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती रोज जे चालतं त्याचा शब्द या गावातला! हा लैलाओ मी नीट लक्षात ठेवला, आणि त्यानंच पुढे घोळ केला.

गायामध्ये लोक येतात ते पोर्ट चाखायला. पोर्ट गोड असते, कारण रस अर्धवट आंबला असतानाच त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची कडक दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि साखर मागे उरते. आम्हाला हवी होती साधी लाल, जेवणाबरोबरची, विन्यो तिंतो. एका गच्चीवर बसलो. ऊन डोक्यावर, बाटली टेबलावर तापलेली. पेला नाकाशी नेला तर आधी दारूचाच भपकारा. लाल वाईन 16 ते 18 अंशांना द्यावी असं म्हणतात. ही तीस अंशांची तरी असेल. पैसे मात्र पूर्ण.

बरोबर एक छापील कागद दिला होता: तुरिगा नासिओनाल या द्राक्षाच्या जातीत व्हायोलेटच्या फुलाचा वास, बर्गमॉट, रानातली फळं. बायकोनं विचारलं, “व्हायोलेट कशासारखं असतं?” कुणालाच माहीत नव्हतं. तिनं कागद पालथा घातला आणि स्वतःच सुरू केलं. “आधी जांभूळ. मग मिरी. आणि गिळल्यावर हिरडा चघळल्यासारखं.”

तिथेच मला वाटलं, हिला बरोबर आणलं ते बरं झालं. लाल वाईनच्या सालीतून, बियांतून, देठांतून जे टॅनिन उतरतं त्याची चव ओळखायला परक्या लोकांना शिकावं लागतं. काही जण त्याला कडू म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे सहा रसांत तुरट वेगळा काढून ठेवलाय. जांभळानं जीभ आवळते, कच्च्या केळ्यानं तोंडाला चिकटा बसतो, सुपारीनं गाल आत ओढले जातात. हे आपण पोरवयातच करून बसलोय. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जिभेवरचा ओलसरपणा गेल्यासारखा वाटतो. हा तुरटपणा कशानं उतरतो, एवढाच प्रश्न पुढचे चार दिवस पुरला.

रात्री गल्लीतल्या एका साध्या खानावळीत बाकल्याव घेतला. हा खारवून सुकवलेला कॉड मासा. दिवसभर किंवा जास्तच भिजत घालून, पाणी बदलत खारटपणा उतरवतात. आपल्या खाऱ्या सुरमईची भावकी म्हणा. मासा म्हणून मी पांढरी वाईन मागणार होतो, पण आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवर लालच. आम्हीही अर्धा लिटरचा जग घेतला. हलकी, थंडसर, नाव-गाव नसलेली. मिठामुळे आणि वर ओतलेल्या ऑलिव्ह तेलामुळे तिची कड एकदम बोथट झाली. दुपारच्या महाग पेल्यापेक्षा मला ही आवडली, असं मी कुणाला सांगितलं नाही. इथे सांगतो.

दिवस दुसरा: पिन्याओ

गाडीत उजव्या बाजूला बसायचं, हे पुतणीनं दोनदा बजावलं. पहिला तासभर काहीच दिसत नाही, मग गाडी नदीच्या कडेला उतरते आणि पिन्याओपर्यंत नदी खिडकीला चिकटून राहते. अडीच तास. स्टेशनाच्या भिंतींवर 1937 साली बसवलेल्या निळ्या फरशा आहेत आणि त्यांवर काढणीची चित्रं: टोपल्या वाहणारे गडी, होड्या, पिपे. समोरच्या डोंगरावर त्या दिवशी तेच चाललं होतं, फक्त टोपल्यांच्या जागी क्रेट.

माराओ डोंगर समुद्रावरून येणारा पाऊस अडवतो, त्यामुळे आत कोरडं. “नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक” अशी त्यांची म्हण आहे. जमीन म्हणाल तर जमीन नाहीच. शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड, हातानं पाटीसारखा सुटतो. वेलीची मुळं त्या पापुद्र्यांमधून खाली जातात पाणी शोधत. दगडी बांध घालून डोंगरालाच पायऱ्या केल्यात. 1756 साली पोंबाल या त्यांच्या प्रधानानं या खोऱ्याच्या हद्दी ठरवल्या आणि पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवून पक्क्या केल्या. म्हणजे चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्यानंतर सतरा वर्षांनी. हा पोंबाल लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आम्ही एका कुटुंबाच्या मळ्यावर उतरलो होतो. मालक सत्तरीचे, त्यांना इंग्रजी नाही, मला पोर्तुगीज नाही. मी खिशातून द्राक्षातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि आत जाऊन स्वतःचा घेऊन आले. तिथून पुढे दुभाष्याची गरज पडली नाही.

तुरिगाचा घड माझ्या तळहातात मावला. आमच्या थॉमसनचा मणी निर्यातीला 18 मिलिमीटरच्या वर लागतो, त्यासाठी मणी फुगवणाऱ्या जीए संजीवकाच्या डिपिंगपासून विरळणीपर्यंत काय काय करतो. इथला मणी वाटाण्याएवढा. साल जाड, आत बिया, रस दोन थेंब. त्याचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, भरला 24. चावला तर आधी मधासारखा गोड, मग साल दाताखाली आली आणि कालचा हिरडा हजर. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, म्हणजे रंग जास्त आणि तुरटपणाही जास्त. आमच्या वेलीवर दहा-बारा किलो माल असतो. त्यांनी बोटांनी दाखवलं: एक, फार तर दीड. मी मनात एकराचा हिशोब केला आणि सोडून दिला. खुंट मात्र दोघांचेही अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं इथल्या बागा बुडवल्या, तेव्हापासून कलमाशिवाय लागवड नाही. आम्ही खारं पाणी आणि दुष्काळ यांच्यासाठी डॉगरिज खुंट वापरतो. कारण वेगळं, उपाय तोच. काही पायऱ्या मात्र तेव्हापासून पडीकच आहेत, त्यांच्यावर आता झुडपं.

संध्याकाळी लागार. म्हणजे ग्रॅनाइटचा चौकोनी, उथळ हौद, मांडीपर्यंत द्राक्षं. पाय धुतले, अर्धी चड्डी घातली आणि उतरलो. पहिला थंडगार चिखल, आणि त्यात बुळबुळीत साली. खांद्यावर हात टाकून आडवी रांग करायची आणि एकाच्या हुकमावर पाय उचलायचे: उजवा, डावा, उजवा, डावा. दिंडीत पावली खेळलेल्याला हे शिकवावं लागत नाही. तासाभरानं हुकूम संपतो, गाणी लागतात, मग ज्याला जसं हवं तसं. यंत्रं आहेत, पण पायाखाली बी फुटत नाही आणि बी फुटली की कडू उतरतं, म्हणून चांगल्या मालासाठी अजून पाय. माझ्या अंगठ्याच्या नखाखालचा जांभळा रंग घरी आलो तरी होता.

जेवायला करडाचं मटण. लसूण, पांढरी वाईन आणि मीठ लावून भट्टीत भाजलेलं, त्याच भट्टीत मातीच्या थाळीत शिजलेला भात, वरून करपलेला. तळघरातून काढलेली लाल वाईन. जाती कालच्याच, तुरिगा आणि तिचे सोयरे. चरबीचा घास, मग घोट. तुरट काही लागलंच नाही. जांभूळ लागलं, आणि शेवटी काहीतरी फुलासारखं. बायको म्हणाली, “हेच असेल तुमचं व्हायोलेट.”

दिवस तिसरा

पोटऱ्या भरून आल्या. सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून. बाकी दिवस नदीकाठी बसण्यात आणि परतीच्या गाडीत गेला.

मालकांनी निघताना पुतणीमार्फत एक गोष्ट सांगितली, ती मात्र टिपून ठेवण्यासारखी. पूर्वी या खोऱ्यात सगळं लक्ष पोर्टवर, साधी लाल वाईन घरापुरती. फेर्नांदो निकोलाव द आल्मेइदा नावाच्या माणसानं फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन तिथली पद्धत पाहिली आणि 1952 साली ‘बार्का व्हेल्या’ केली, आज पोर्तुगालची सगळ्यात नावाजलेली लाल. पण वरच्या खोऱ्यात तेव्हा वीज नाही आणि उन्हात आंबणारा रस तापून बिघडतो. मग समुद्रकाठच्या मातोझिन्योसहून बर्फाच्या लाद्या ट्रकनं आणल्या. मासळीबाजाराचा बर्फ वाईनला! सांगताना म्हातारे स्वतःच बर्फ उतरवल्यासारखे हात करत होते.

दिवस चौथा: मेआल्यादा

पोर्तोहून दक्षिणेला, आवैरोला गाडी बदलून. हा बायराडा प्रांत. डोंगर संपले, सपाट शेतं, समुद्र तीसेक किलोमीटरवर. माती चिकणी, चुनखडीची. पोर्तुगीजमध्ये चिकण मातीला ‘बारो’, त्यावरून प्रांताचं नाव पडलं असं म्हणतात.

गावात शिरलो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या. एकीवर वाचलं, दुसरीवर वाचलं, तिसरीवर वाचलं. मी पुतणीला म्हटलं, “एवढे लिलाव? बाजार समिती आहे का इथे?” ती रस्त्याच्या कडेला पोट धरून बसली. “काका, लैलाओ नाही, लैताओ! त आहे मध्ये. लैताओ म्हणजे डुकराचं पिल्लू.”

जुन्या लिस्बन-पोर्तो हमरस्त्यावरचं हे गाव या एका पदार्थावर जगतं. महिना-दीड महिन्याचं पिल्लू, पोटात लसूण, मिरी, मीठ आणि चरबी यांचं वाटण भरून शिवतात, लांब सळईवर चढवून लाकडाच्या भट्टीत दोनेक तास फिरवतात. मध्येच बाहेर काढून गार वाऱ्यावर धरतात म्हणजे कातडी कुरकुरीत होते. याला ते जो शब्द वापरतात त्याचा अर्थ पडसं आणणं. पिल्लाला पडसं आणायचं आणि परत भट्टीत घालायचं.

बायको डुक्कर खात नाही. माझंही खाणं गोव्याच्या चोरीसपर्यंतच. तिच्यासाठी यादीत शांफाना सापडला. म्हाताऱ्या बकरीचं मटण, लाल वाईनमध्ये बुडवून, लसूण, तमालपत्र आणि लाल मिरचीची गोडसर पूड घालून काळ्या मातीच्या भांड्यात भट्टीत तासन्‌तास.

आणि वाईन बागा. ही बायराडाची मुख्य काळी जात. पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे नुसतं बोर-करवंदासारखं फळ, आपल्या बागेशी नातं नाही, पण मला कोण सांगणार? आमच्या बागेची दुखणी हिलाही तीच. उशिरा पिकते, आणि पिकायच्या ऐन वेळी समुद्रावरून पाऊस येतो. घड दाटीचा, पाणी शिरलं की कूज. म्हणून शेतकरी घाबरून लवकर काढतो, आणि लवकर काढलेली बागा म्हणजे कच्च्या केळ्याचा कहर. वाढणारा माणूस हे सांगत आभाळाकडे बघत होता. ते बघणं मला ओळखीचं होतं. फेब्रुवारीत अवकाळीचा अंदाज आला की आमच्या गल्लीत सगळे असेच बघतात. वर जुनी पद्धत देठांसकट आंबवायची, म्हणजे तुरटात तुरट. लुईस पातो नावाच्या उत्पादकानं देठ काढायला सुरुवात केली, विरळणी केली आणि काढलेल्या कच्च्या घडांची बुडबुड्यांची वाईन केली. या विरळणीला मी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले. आमचे विरळणीचे मणी मातीत जातात.

पोंबाल आठवतोय? त्यानंच पोर्टच्या धंद्याला धक्का नको म्हणून या बायराडातल्या वेली उपटायला लावल्या होत्या. तरी बागा राहिली.

आमची बाटली 2015 ची, दोन तास आधी उघडून ठेवलेली. जेवण यायच्या आधी एक घोट नुसता घेतला. आंबट! कोकमाचं आगळ पाणी न घालता प्यावं तसं. मागोमाग तुरट, हिरड्यांना ओढ बसली. रंग दोरोच्या वाईनसारखा शाईचा नाही, पेल्याच्या कडेला विटकरी. बायकोनं पेला दूर सरकवला. “ही उतरली आहे का?” उतरली नव्हती.

लैताओ आला. तांबूस काचेसारखी कातडी, खाली पातळ चरबीचा थर, खाली मऊ पांढरं मांस. बरोबर संत्र्याच्या चकत्या, बटाट्याच्या काचऱ्या, कोशिंबीर. कातडी दाताखाली वाजली, चरबी आणि मिरी-लसणाचा खारट रस तोंडभर पसरला, आणि वर बागाचा घोट. जी आंबट म्हणून सोसवत नव्हती तिनं चरबीचा लेप एका फटक्यात धुऊन नेला. तोंड कोरं. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा. तुरटपणाला धरायला मांस मिळालं, मग त्यानं जीभ सोडली. मागे करवंद राहिलं, पिकलेलं, थोडी तंबाखूच्या पानासारखी झाक. चार घासांनी मला कळलं की ही वाईन एकटी प्यायची नाहीच. लोणचं नुसतं खाऊन कुणी त्याला खारट म्हणावं, तसं मघाशी मी केलं होतं.

संत्र्याच्या चकतीनंतर मात्र घोट घेऊ नका. गोड लागल्यावर बागा पुन्हा तापट झाली.

बायको शांफानाच्या भांड्यात बघत होती. काळा रस्सा, वर तेलाचा तवंग. तिनं एक तुकडा मोडला. “हे बोकडाचं नाही, म्हातारीचं आहे, पण काय शिजवलंय.” ज्या वाईनमध्ये शिजलं तीच पेल्यात असल्यामुळे घास आणि घोट यांच्यात सांधा सापडत नव्हता. तिनं दूर सारलेला पेला जवळ ओढला. मग माझाही.

शेजारच्या टेबलावर लोक लैताओबरोबर बुडबुड्यांची वाईन पीत होते. बायराडा त्यासाठीही प्रसिद्ध आहे, आणि चरबी कापायला ती सोपी. मला लालच आवडली, पण दुपारी उन्हात गाडी गाठायची असेल तर त्यांचं बरोबर.

दिवस पाचवा: पोर्तो, पुतणीचं स्वयंपाकघर

परतीचं विमान रात्री उशिराचं. बायकोनं घरून काळा मसाला आणला होता, भावजयीनं लेकीसाठी दिलेला, पाव किलोची पुडी तीन पिशव्यांत. 2022 ला डागडुजी होऊन पुन्हा उघडलेल्या बोल्याओ मंडईत कोकराचं मटण घेतलं. मी दोन बाटल्या घेतल्या, एक दोरोची साडेचौदा टक्क्यांची, एक बागाची तेराची. म्हटलं, आपल्या रश्श्याबरोबर लावून बघू.

रस्सा झाला झकास. निखाऱ्याऐवजी गॅसवर भाजलेलं खोबरं-कांदा, काळा मसाला, वर लाल कट. त्यावर दोरोचा घोट घेतला आणि कानातून धूर. तिखटानं जीभ हुळहुळली की दारूचा चटका दुप्पट होतो, आणि तुरट तर खरवडतो. बागा पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून आणली. जरा बरी, पण फळ गायब, नुसती कोरडी काठी. पुतणी म्हणाली, “काका, याच्याबरोबर ताकच.” मी हार मानून बाटलीचं बूच परत लावत होतो.

तेवढ्यात बायको आत गेली. पुतणीच्या खोलीतली मैत्रीण तिखट खात नाही, म्हणून फोडणीआधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेलं अळणी तिनं वेगळं काढून ठेवलं होतं. मटण, आणि वर पिवळ्या चरबीचे गोल तरंगणारं पाणी. आमच्याकडे हे लहान मुलांना आणि आजारी माणसाला देतात. तिनं उभ्याउभ्याच हाडाचा एक तुकडा उचलला, चोखला आणि माझ्या हातातल्या पेल्यातून गार बागाचा घोट घेतला. काही बोलली नाही. दुसरा तुकडा उचलला.

“अगं, कशी लागतेय?”

“अहो, बूच काढा आधी. आणि पोरीला वाटी आणायला सांगा.”

मैत्रिणीसाठी शेवटी अंडी उकडली.